साफ केलेला फोटो, गेटवरचा कॅमेरा आणि ‘सर्वानुमते’

गोखले (ए-३०२): काल रात्री गेटचा खांब ठोकून पळालेल्या दुचाकीवाल्याचा फोटो टाकतोय. कॅमेऱ्यातला फोटो फारच धूसर होता, म्हणून एका एआय अ‍ॅपमधून साफ करून घेतला. चेहरा आणि नंबर दोन्ही दिसतायत. कोणी ओळखतं का बघा.

कांबळे (बी-१०४): हा तर रोज पार्सल घेऊन येतो तो मुलगा वाटतोय. उद्या आला की वॉचमनला थांबवून ठेवायला सांगा.

देशपांडे (बी-६०४): थांबा. गोखलेदादा, फोटो आधी ग्रुपवरून काढा. धूसर डागात दडलेला चेहरा अ‍ॅप शोधून काढत नाही. शिकताना त्याने असंख्य चेहरे पाहिलेले असतात, त्यावरून डागाच्या जागी शोभेल असा चेहरा ते नव्याने रंगवतं. डोळे-नाक रेखीव दिसतात, फक्त ते त्या माणसाचे नसतात. हाच फोटो दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाका, दुसरा माणूस मिळेल.

नाईक (सी-१०२): हिशेबच मांडतो. गेटचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. खांबाच्या अंतरावर, म्हणजे १२ मीटरवर, त्यात साधारण २४ मीटर रुंदीचा रस्ता बसतो. मीटरला ८० पिक्सेल पडले. चेहरा १५ सेंमी रुंद धरा, १२ पिक्सेल झाले. दुचाकीची मागची पाटी २० सेंमी म्हणजे १६ पिक्सेल, एका ओळीत पाच-सहा अक्षरं, एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम तीन पिक्सेल. तीन पिक्सेलमध्ये ३, ८ आणि ० सारखेच. त्यात रात्री शटर १/२५ सेकंद उघडं राहतं. ताशी २० किमीने जाणारी गाडी तेवढ्या वेळात २२ सेंमी सरकते, अख्ख्या पाटीहून जास्त. मूळ चित्रात नंबर नव्हताच. दिसतोय तो अ‍ॅपने लिहिलेला.

गोखले: पण इतका स्पष्ट आहे!

देशपांडे: तिथेच फसगत होते. धूसर फोटो बघून माणूस ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणतो. साफ फोटो बघितल्यावर कांबळेदादांना दोन मिनिटांत आरोपी सापडला.

जोशीकाकू (ए-५०१): आणि त्या पोराला यातलं काहीच ठाऊक नाही. उद्या गेटवर चारचौघांत अडवलं तर पिक्सेलचा हिशेब तो कोणाला मागणार?

देशपांडे: काकू, हे पोलिसांकडूनही झालंय. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांना बायको-मुलींसमोर घरासमोरून नेलं. दुकानातल्या घड्याळांच्या चोरीचं धूसर चित्रण यंत्राने त्यांच्या लायसन्सच्या फोटोशी जुळवलं होतं. सुमारे ३० तास कोठडीत. माणूस तो नव्हताच. २०२४ मधल्या तडजोडीनंतर तिथल्या पोलिसांना नुसत्या यंत्राच्या जुळणीवर अटक करता येत नाही.

(गोखले यांनी हा संदेश हटवला)

गोखले: काढला. मग आता करायचं काय? खांबाचा खर्च कोण देणार?

नाईक: डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, घटनेच्या आधीची १० आणि नंतरची १० मिनिटं मूळ फॉरमॅटमध्येच काढा, प्लेअरसकट. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, ते फाइल दाबून छोटी करतं. दोन पेन ड्राइव्हवर प्रती करा, फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा ठसा, काढून कागदावर लिहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तो लागतो. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे, तेही नोंदवा. एवढं पोलिसांना द्या. ओळख पटवणं त्यांचं काम.

पाटील (सचिव): यावरूनच सांगतो, गेटवर फेस रेकग्निशनचा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव पुढच्या सभेत घेतोय. कंपनी ९९ टक्के अचूक म्हणते. घरकामाच्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले, सगळ्यांची नोंद आपोआप. वॉचमनची कटकटच संपेल.

देशपांडे: पाटीलसाहेब, ९९ टक्के कशाचे ते आधी विचारा. चूक दोन तऱ्हेची असते. आपल्या माणसाला बाहेर ठेवणं, ही एक. परक्याला आपला समजून आत घेणं, ही दुसरी. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. मध्ये एक आकडा असतो, थ्रेशोल्ड, म्हणजे किती साम्य असलं की चेहरा जुळला म्हणायचं. तो बसवणारा सेट करतो आणि सहसा कोणाला सांगत नाही.

आता आपले आकडे घ्या. ८४ घरं, धरून चाला ३०० रहिवासी आणि १०० कामाची माणसं. ४०० जण रोज दोनदा आले तर ८०० वेळा गेट उघडायचं. १ टक्का वेळा नाकारलं तरी रोज आठ जण बाहेर ताटकळणार.

उलट बाजूही बघा. दोन चेहरे चुकून जुळण्याची शक्यता १०,००० त १ धरू, ऐकायला छान वाटतं. पण परका माणूस आला की यंत्र त्याला एकाशी नाही, ४०० चेहऱ्यांशी ताडून बघतं. ४०० भागिले १०,००० म्हणजे ४ टक्के. दिवसाला ५० परके आले तर रोज दोन जण कोणाच्या तरी नावावर आत. शक्यता दहापट कमी केली, १ लाखात १, तरी पाच दिवसांतून एक.

मेहता (खजिनदार): हे त्यांच्या कोटेशनमध्ये कुठे लिहिलेलं नाही.

देशपांडे: नसतंच. आणि या चुका कोणाच्या वाट्याला येतात, तेही बघा. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम तपासले, तर चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नव्हत्या. भलत्याशीच जुळण्याचं प्रमाण बायकांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये आणि लहान मुलांमध्ये जास्त निघालं, आणि चेहऱ्याच्या वंशानुसार काही अल्गोरिदममध्ये दहापट ते शंभरपट फरक. आणि बाहेर ताटकळणारे आपले ते आठ जण कोण? आपलं गेट पूर्वेला आहे. सकाळी सात ते नऊ सूर्य येणाऱ्याच्या पाठीमागे, चेहरा काळवंडलेला. नेमक्या त्याच वेळी कामवाल्या येतात. पावसाळ्यात रेनकोटची टोपी, उन्हाळ्यात तोंडाला बांधलेली ओढणी.

जोशीकाकू: म्हणजे साडेसातच्या पहिल्या कामाला उशीर, मग पुढच्या चार घरांतही उशीर. आणि बोलणी कोण खाणार? यंत्र?

कांबळे: काकू, पण चोऱ्या होतात त्याचं काय? कोण कधी आलं-गेलं ते कळायला नको?

जोशीकाकू: कळू दे की. वहीत कळतं, कार्डाने कळतं. त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये म्हणे ‘आज ११ मिनिटं उशिरा’ असं सगळ्या घरांना दिसतं आणि तारेही देता येतात. एका घराशी भांडण झालं, त्यांनी एक तारा दिला, की पाच घरांनी वाचलं. तिला मात्र ते बघताही येत नाही आणि उत्तरही देता येत नाही. तारे मी तरी देणार नाही.

पाटील: तारे बंद ठेवता येतात, विचारलंय मी.

सूचना (कार्यालय): उद्या वरची टाकी धुणार. सकाळी ११ ते २ पाणी बंद. बी विंगने नळ बंद ठेवून जावे.

साठेकाका (ए-२०३): पाण्याचं लक्षात ठेवा. आता कायद्याचं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. आत्ता बसवलेलं यंत्र तेव्हाही गेटवर असणार. चेहरे कशासाठी गोळा करायचे हे सोसायटी ठरवते, त्यामुळे जबाबदारी सोसायटीची. काम कंपनीला दिलं तरी ती आपल्या डोक्यावरून उतरत नाही.

संमती मोकळी, नेमकी, समजून दिलेली आणि बिनशर्त हवी. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीही आली. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची पडताळलेली संमती. ‘फोटो द्या नाहीतर उद्यापासून येऊ नका’ हे कामवालीला सांगणं म्हणजे संमती नव्हे.

देशपांडे: काकांच्या मुद्द्याला जोडून. सीसीटीव्हीचं चित्रण डिस्क भरली की आपोआप पुसलं जातं, त्यामुळे कोणी विसरलं तरी बिघडत नाही. चेहऱ्याचं तसं नसतं. यंत्र चेहऱ्याचे आकडे करून ठेवतं, बहुतेक वेळा ५१२. एका आकड्याला ४ बाइट, म्हणजे माणशी २ केबी. ४०० माणसांचे मिळून ८०० केबी, एका फोटोहूनही कमी. डिस्क कधी भरतच नाही, म्हणून ते कधी पुसलं जात नाही. काम सोडून तीन वर्षं झालेली बाई त्या यादीत राहतेच. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहऱ्याचं काय करणार?

नाईक: आणि आपल्या डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे. राउटरवर पोर्टही, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत यायची वाट, उघडा आहे, कोणाला तरी मोबाइलवर गेट बघायचं होतं म्हणून. त्यात आता चेहरे ठेवणार?

पाटील: बरं. मग प्रस्ताव फेटाळायचा?

देशपांडे: माझं मत फेटाळावा असंच आहे. ४०० माणसांच्या गेटला कार्ड पुरतं. कार्ड हरवलं तर रद्द करून नवं देता येतं. तरीही सभेला हवंच असेल तर अटी करारात लिहून घ्या. चेहऱ्याचे आकडे गेटवरच्या यंत्रातच राहतील, कंपनीच्या सर्व्हरवर जाणार नाहीत आणि त्यांचं सॉफ्टवेअर शिकवायला वापरले जाणार नाहीत. काम सोडल्यावर सात दिवसांत पुसणार, आणि पुसल्याचं लेखी देणार. ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याला कार्ड, त्याच रांगेत, जास्त न थांबवता. आणि यंत्र नाही म्हणालं तरी वॉचमन ओळखीच्या माणसाला आत सोडू शकेल, त्यावरून त्याला जाब विचारला जाणार नाही. ही शेवटची अट गेली तर बाकीच्यांना अर्थ नाही.

साठेकाका: शिवाय वॉचमनकडे एक वही. यंत्राने कोणाला नाकारलं, किती वाजता, उजेड कसा होता, किती मिनिटं थांबावं लागलं. दोन महिने ती भरा आणि मगच पूर्ण पैसे द्या. मेहता, आगाऊ किती मागतात?

मेहता: ५० टक्के.

साठेकाका: अजिबात नाही.

पाटील: काका, चेहऱ्याचं राहू दे. पण नोटिसा आणि इतिवृत्त एआयने करायला तरी हरकत नाही ना? थकबाकीची यादी टाकली की सगळ्यांच्या नोटिसा पाच मिनिटांत तयार होतात.

देशपांडे: मसुदा जरूर करून घ्या, यादी टाकू नका. नाव, मोबाइल, पॅन, थकबाकी यातलं काहीच नको. ‘सदनिका अमुक, रक्कम तमुक’ असा रिकामा साचा लिहून घ्या आणि आकडे आपल्या एक्सेलमधून भरा. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये आपलं लिखाण शिकवण्यासाठी वापरू द्यायचं की नाही असा पर्याय असतो, तो आधी बंद करा.

मेहता: परवाच्या मसुद्यात बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्या फ्लॅटवरचं, चुकलंय, मी बिलाशी ताडून बघितलं. भाड्याने दिलेल्या एका फ्लॅटचं मासिक बिल ४,१०० आणि त्यातले सेवाशुल्क २,४००. मसुद्यात ४१० लिहिलं होतं.

साठेकाका: मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे, एकूण बिलाच्या नव्हे. २४० पाहिजे. ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. मसुद्याची भाषा इतकी सराईत की वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. खाली कलमाचा नंबरही दिला होता, तो उपविधीत भलत्याच विषयाचा निघाला. प्रत्येक आकडा आणि प्रत्येक कलम छापील उपविधीत बोट ठेवून बघायचं. सही सचिवाची असते. निबंधकांसमोर ‘एआयने लिहिलं’ हे उत्तर चालणार नाही.

पाटील: मान्य. इतिवृत्ताचं?

देशपांडे: रेकॉर्डिंग लावणार असाल तर सभेच्या सुरुवातीला सांगून लावा. मजकूर आला की दोन जागा हमखास तपासा. पहिली जागा ‘नामंजूर’. कोणी पुटपुटत बोललं, पंखा चालू असला की ‘ना’ गळतो आणि उरतं ‘मंजूर’. ठराव उलटाच होतो. दुसरी, ‘सर्वानुमते’. इतिवृत्तांत हा शब्द इतका ठरलेला आहे की पाच जणांनी विरोधात हात वर केले असले तरी यंत्र सवयीने तोच लिहितं. विरोध करणाऱ्यांचा आकडा हाताने मोजा आणि हाताने लिहा. सूचक-अनुमोदकांची नावंसुद्धा, कारण आवाज कोणाचा याची ते अदलाबदल करतं.

कांबळे: हे चालेल. मागच्या लिफ्टच्या ठरावाला आम्ही पाच जण विरोधात होतो, इतिवृत्तात सर्वानुमते आहे.

पाटील: ते मी हाताने लिहिलं होतं, कांबळे.

जोशीकाकू: 😀

कुलकर्णी (सी-४०३): विषय निघालाच आहे म्हणून विचारते. नातवाच्या आवाजात पैशांसाठी फोन येतात म्हणे. ओळखायचं कसं?

नाईक: कुलकर्णीमावशी, आवाजावरून ओळखायला जाऊच नका, आता जमत नाही. फोन ठेवा आणि त्याच्या आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः लावा. घरातल्यांनाच ठाऊक असेल असा एक शब्द ठरवून ठेवा, ग्रुपवर मात्र लिहू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

पाटील: ठीक. विषयपत्रिकेत बदल करतो: ‘गेटवर प्रवेशनोंदीसाठी कार्ड अथवा अन्य पर्याय, अटींसह विचार.’ फेस रेकग्निशन हा शब्द काढतोय. साठेकाका आणि देशपांडे ताईंनी अटी रविवारपर्यंत लिहून द्याव्यात. कांबळे, पार्सलवाल्याला कोणी अडवणार नाही असं गेटवर सांगा.

कांबळे: सांगितलं. तो मघाशीच येऊन गेला, सी विंगचं पार्सल होतं.

नाईक: पाटीलसाहेब, डीव्हीआर बघून आलो. घड्याळ ७ मिनिटं पुढे आहे. दुरुस्त करू नका अजून, आधी चित्रण काढू आणि फरक लिहून ठेवू. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचे दोन लागतील, कोणाकडे आहेत का?