मित्राचा निबंध तपासताना नक्की काय सांगायचं?

पेठेतला_भाडेकरू
अभ्यासिकेत आम्ही दोघंच मराठी माध्यमवाले, म्हणून यूपीएससी मेन्सचे निबंध एकमेकांचे तपासायचं ठरलं. त्याने २०१७ चा शेतीचा विषय लिहिला, बहुसंख्य शेतकऱ्यांचं शेतीवर पोट भरेनासं झालंय तो, आणि मी लाल पेनाने ऱ्हस्वदीर्घ, लांब वाक्यं सगळं रंगवून दिलं तर पठ्ठ्या दोन दिवस चहाला आला नाही. पुढच्या वेळी नुसतं 'भारी झालाय' म्हणालो तर म्हणतो तू वाचलाच नाहीस. करू काय?

दुसरा_अटेम्प्ट
पेन खाली ठेवून एकदा सलग वाच. मग कागद पालथा घालून त्याचं म्हणणं एका ओळीत लिहून बघ. मग समासात प्रत्येक परिच्छेदासमोर दोन शब्द, हा कशाबद्दल आहे ते. बस.

पेठेतला_भाडेकरू
केलं. पहिल्या तीन परिच्छेदांसमोर 'कर्ज', 'कर्ज', 'कर्जमाफी' 😅 आणि विषयातल्या 'बहुसंख्य'ला त्याने हातच लावला नाहीये. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरच्या आतले, सरासरी १.०८ हेक्टर, ती बिचारी तशीच पडलीये.

दुसरा_अटेम्प्ट
मग 'ही ओळ वर घे' असा हुकूम सोडू नकोस, त्याला विचार की एवढ्याशा जमिनीत घर का चालत नाही ते मला वाचून कळलं नाही, सांग ना. तोंडी जे सांगेल तेच लिहायला लाव. शुद्धलेखन शेवटी, जो परिच्छेद उडणारच आहे त्यातल्या वेलांट्या कशाला सुधारतोस.

कोरा_समास
शुद्धलेखनाचं अर्धंच पटलं, तीच चूक दहादा असेल तर एकदा सांगावी, दहा गोल कशाला. आणि मार्क देऊ नकोस बाबा. मला एकाने १२५ पैकी ४० दिले होते, का ते त्यालाही सांगता येईना. त्यापेक्षा कुठल्या पानावर कंटाळलास ते सांग, तीन तासात दोन निबंध लिहायचे म्हणजे दुसऱ्यात सगळ्यांचाच दम जातो.

पेठेतला_भाडेकरू
विचारलं काल. घरचं दीड एकर सोयाबीन, बियाणं, फवारणी, मळणी, सगळा हिशोब बोटांवर मांडून दाखवला त्याने, पाच मिनिटं थांबलाच नाही. म्हटलं हे कुठंय निबंधात? तर म्हणे, असलं लिहायचं असतं होय? आता परत लिहायला बसलाय. चहाचे पैसे मात्र मीच दिले.