डब्ल्यूडब्ल्यूडीसी २०२५ : काच ॲपलची, खर्च आपला?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

सोमवारी, ९ जून २०२५ ला रात्री साडेदहाला ॲपलच्या डेव्हलपर परिषदेचं (डब्ल्यूडब्ल्यूडीसी) मुख्य भाषण झालं. पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आयफोनच्या सिस्टिमचं, आयओएसचं, १८ नंतर थेट २६ येतंय, कारण आता सगळ्या सिस्टिमना वर्षाचा आकडा. सगळीकडे 'लिक्विड ग्लास' नावाचं पारदर्शक रूप. आणि फोनमध्येच चालणारं एआय मॉडेल डेव्हलपरना वापरायला खुलं. गेल्या वर्षी दाखवलेली, आपले मेल-मेसेज समजून काम करणारी सिरी 'अजून वेळ हवा' एवढ्यावर उरकली. सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगींना ॲपल पार्क या मुख्यालयाच्या छतावर फॉर्म्युला वनची गाडी पळवायला मात्र वेळ होता.

माझं म्हणणं सरळ आहे. परिषद डेव्हलपरच्या नावाची आणि भुर्दंडही डेव्हलपरलाच. आमची वागळे इस्टेटमधली छोटी कंपनी. हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप करतो : मेंटेनन्स, गेट पास, नोटिसा. एक्सकोड २६, म्हणजे ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, त्याच्या बेटा (चाचणी) आवृत्तीवर ॲप बिल्ड करून पाहिलं, तर खालचा टॅब बार काचेचा झालेला आणि त्याच्यामागून मजकूर सरकतोय. 'शुक्रवारी पाणीपुरवठा बंद' ही ओळ बारमागे आली की तिच्या वेलांट्या आणि बारवरच्या 'तक्रारी', 'नोटिसा' यांच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. बटण कुठलं आणि नोटीस कुठली, कळत नाही. इंग्रजीत हे इतकं बोचत नाही, कारण अक्षरांच्या डोक्यावर फारसं काही नसतं.

आता हे निस्तरायचं. क्लायंट म्हणणार, ॲप तर तेच आहे, पैसे कसले?

ऐरोली_माइंडस्पेस

दादा, जरा थांबा. ॲप स्टोअरवर आहे तो तुमचा जुना बिल्ड आयओएस २६ वर जुन्याच रूपात चालणार. नव्या एसडीकेने (ॲप बनवायच्या साधनांच्या संचाने) बिल्ड केलात तरी इन्फो डॉट पीलिस्ट या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये एक की, म्हणजे एक नोंद, टाकली की काच बंद. कोणी मानेवर सुरी ठेवलेली नाही.

२०१३ ला आयओएस ७ आलं तेव्हाही हेच ऐकलं होतं. अक्षरं बारीक, बटणं बटणांसारखी दिसत नाहीत, डोळे दुखतात. वर्षभरात सगळे गप्प झाले आणि जुनं रूपच लोकांना जुनाट वाटायला लागलं.

खरी बातमी फाउंडेशन मॉडेल्सची, म्हणजे त्या फोनमधल्या एआयची आहे आणि तिच्यावर तुम्ही अर्धं वाक्य घालवलंत. सुमारे ३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल, फोनवरच चालतं. नेट नको, वापरावर लागणारं टोकनचं बिल नको, सोसायटीचा डेटा बाहेर जायला नको. ॲपलच्या स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या तीन-चार ओळींत उत्तर मिळतं. सोसायटीच्या तक्रारी लिफ्ट, पाणी, पार्किंग अशा आपोआप लावून घ्यायच्या असतील तर आज सर्व्हरला पैसे मोजावे लागतात. ते वाचतील. छोट्या कंपनीला यापेक्षा मोठी भेट कोण देतं?

घोडबंदरकर

ती की तात्पुरती आहे. पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती काढण्याचा विचार आहे हे त्यांनीच सांगितलंय. शिवाय नव्या एसडीकेची सक्ती होतेच. यंदा २४ एप्रिलपासून आयओएस १८ चा एसडीके सक्तीचा झाला. म्हणजे आज नाही तर उद्या, पण बिल फाडायचं मलाच.

आता भेटीबद्दल. आमच्याकडे तक्रार येते ती अशी : 'बी विंगची लिफ्ट परत बंद, वॉचमनला फोन लावला तर उचलत नाही.' मराठीत, नाहीतर रोमन अक्षरांतल्या मराठीत. या मॉडेलच्या भाषांत मराठी नाही आणि हिंदीही नाही. वर्षअखेरीस डॅनिश, नॉर्वेजियन येणार आहेत. डॅनिश बोलणारे साठ लाखांच्या आसपास, आणि मातृभाषा मराठी सांगणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. वर फोन हवा आयफोन १५ प्रो किंवा त्यापुढचा. आमचे सेक्रेटरी १३ वापरतात, तोही हप्त्यांवर घेतलेला. फुकटचं मॉडेल महागड्या फोनमध्ये मिळतंय, हे पण सांगा ना.

कोपरी_पूर्व

दरवर्षी मखर नवं, गणपती तोच. चालू द्या.

नेरूळ_यूएक्स

डिझाइनमध्ये काम करते, म्हणून दोघांशीही भांडते.

ऐरोली, आयओएस ७ ची तुलना लंगडी आहे. तेव्हा सावल्या आणि चामड्याचे पोत काढून टाकले होते, म्हणजे मजकूर मोकळा झाला होता. इथे मजकुरावर एक थर चढतोय. पहिल्या बेटा आवृत्तीत कंट्रोल सेंटर उघडून बघा. मागचे ॲप आयकॉन आणि पुढची बटणं यांची खिचडी झालीय. हे पुढच्या बेटा आवृत्त्यांत सुधारेल, पण मंचावर दाखवण्याआधी कुणाला दिसलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि घोडबंदरकर, तुम्ही बारला स्वतःचा रंग किंवा पार्श्वभूमी दिली आहे का? असेल तर ती आधी काढा, ॲपलच्या सूचनाही तेच सांगतात. काठाशी मजकूर धूसर करण्याची सोय त्यांनी दिलीय, ती नीट चालली तर निम्मा त्रास कमी होईल. उरलेला मात्र खराच आहे. वेलांटी-मात्रांचा तो स्क्रीनशॉट इथे टाकून शाबासकी घेण्यापेक्षा ॲपलच्या फीडबॅक असिस्टंटमध्ये (चुका कळवायच्या ॲपमध्ये) टाका. तिकडे ॲपलच्या क्यूपर्टिनोत बसून कोणी 'तक्रारी' लिहून तपासत नसणार. आपणच नाही कळवलं तर सप्टेंबरात तसंच येईल.

'पारदर्शकता कमी करा' हे सेटिंग आहे, पण सोसायटीतल्या आजोबांना ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते सुरू करा म्हणून कोण सांगणार?

खारघर_थर्ड_इयर

माझा प्रश्न वेगळा आहे. सेकंडहँड मॅकबुक एअर घेतलाय, २०२० चा, इंटेल चिपवाला. मॅकची नवी सिस्टिम, मॅकओएस टाहो, त्याच्यावर येणारच नाही असं दिसतंय. ॲप शिकायचं म्हणून बाबांकडून पैसे घेतले होते. वाया गेले का?

ऐरोली_माइंडस्पेस

नाही रे, घाबरू नकोस. एक्सकोड २६ आधीच्या सिकोइया सिस्टिमवर चालतं आणि सिकोइया तुझ्या एअरवर येतं. एक्सकोडमध्ये चॅटजीपीटी आलंय तेवढं मिळणार नाही, कारण त्याला टाहो लागतं. स्विफ्ट शिकायला त्याची गरजही नाही. पण इंटेलवाल्या मॅकचा खेळ संपला, त्यांच्यासाठी टाहो हीच शेवटची सिस्टिम. पुढचा मॅक घेशील तो ॲपलच्या एम वन चिपचा किंवा त्यापुढचाच घे.

अँड्रॉइडवाला_घणसोली

दरवर्षी ९९ डॉलर डेव्हलपर फी भरून हे सगळं ऐकून घेता? आमच्याकडे एकदाच २५ डॉलर, विषय संपला.

नेरूळ_यूएक्स

विषय संपला? मग गेल्या महिन्यात गूगलने अँड्रॉइडचं 'मटेरियल' नावाचं नवं रूप दाखवलं, त्याच्यावर कोण रडत होतं?

स्टेशन_रोड_मोबाईल

ठाणे स्टेशनजवळ दुकान आहे माझं. तुमचं ते एसडीके मला कळत नाही. एवढं सांगतो की आयफोन एक्सआर आणि एक्सएस या वेळी बाद झालेत, नवं आयओएस ११ पासून पुढच्या फोनना मिळणार. परवापासून त्या दोन फोनची गिऱ्हाईकं 'विकू का' म्हणून विचारायला येतायत. आणि हात जोडून विनंती, रोजच्या फोनवर बेटा टाकू नका. एका काकांना पुतण्याने टाकून दिला, बँकेचं ॲप उघडेना म्हणून तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. बॅकअप नव्हता. परत जुनं टाकायचं म्हणजे फोन साफ करावा लागतो. नातवाचे फोटो होते त्यात.

ऐरोली_माइंडस्पेस

घोडबंदरकर, मराठीचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण खर्चाचा मुद्दा ॲपलचा नाहीच, तुमच्या कराराचा आहे. ओएस दरवर्षी बदलणार हे काय आज कळलं? जूनमध्ये बेटा, सप्टेंबरमध्ये रिलीज, कित्येक वर्षं हेच चाललंय. एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) 'वार्षिक ओएस बदलासाठी काम' अशी ओळ घाला आणि रक्कम लिहा. आम्ही क्लायंटला पहिल्या कोटेशनमध्येच सांगतो.

घोडबंदरकर

तुमचे क्लायंट कंपन्या आहेत हो. माझा क्लायंट म्हणजे सोसायटी. त्यांची एजीएम (वार्षिक सभा) ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे आयओएस हातात पडेल त्याच सुमारास. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर दोन तास भांडून झाल्यावर, चहा-वेफर्स यायच्या आत, 'फोनमध्ये काच आली म्हणून जादा पैसे' हा ठराव तिथे मांडायला तुम्ही या. सूचक मी होतो, अनुमोदक शोधून द्या.