एरर मेसेज अक्षरशः जुळवायचा, की एक्झिट कोड पुरे?

धागाकर्ता:
ग्नू कोअरयुटिल्सच्या (लिनक्सवरच्या मूलभूत कमांड्सचा संच) सीएचमॉडसाठी (फाइलच्या परवानग्या बदलणारी कमांड) शेल टेस्ट लिहिताना बरेच जण फक्त एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे यश) बघतात. सीएचमॉड फसायला हवा तिथे १ आला की टेस्ट पास. माझ्या मते याला टेस्ट म्हणताच येणार नाही. फाइल नसली तरी १, फाइल दुसऱ्याच्या मालकीची असली तरी १, डिरेक्टरीत शिरता आलं नाही तरी १. ६४४ च्या जागी चुकून ६४८ लिहिलंत तर 'इनव्हॅलिड मोड' येतो (मोड म्हणजे परवानग्यांचा आकडा, तो ऑक्टलमध्ये लिहितात आणि ऑक्टलमध्ये ८ नसतो), आणि कोड तोच, १. भलत्याच कारणाने टेस्ट पास होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. स्टँडर्ड एरर (एरर मेसेज जिथून बाहेर पडतात ती वाट) वेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि अपेक्षित मजकुराशी अक्षरशः ताडून बघा.

प्रतिसाद १:
दुखणं बरोबर ओळखलंत, औषध पटत नाही. मालकी नसलेल्या फाइलवर ग्नू 'चेंजिंग पर्मिशन्स ऑफ' म्हणतं, मॅकवर तीच गोष्ट 'अनेबल टू चेंज फाइल मोड ऑन' अशी येते. लोकॅल (सिस्टिमची भाषेची सेटिंग) बदललं की सगळं वाक्यच बदलतं. एक्झिट कोड बघा आणि कमांडच्या आधी-नंतर स्टॅटने (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) मोड तपासा. तीन फाइल दिल्या आणि मधली नसली, तरी सीएचमॉड उरलेल्या दोन्ही बदलून मगच १ देतो. हे मेसेजवरून कळणार नाही, स्टॅटवरून कळेल.

धागाकर्ता:
स्टॅट हवंच, ते मान्य. लोकॅलसाठी एलसी_ऑल=सी आहे, त्याने मेसेज मूळ इंग्रजीतच राहतात. आणि इथे तपासतोय ते ग्नूचं सीएचमॉड, मॅकचं नव्हे.

आता हे बघा. 'खोका' डिरेक्टरी, तिच्यात 'आत'. खोक्याला ६०० द्या आणि सीएचमॉड -आर ओ=आर खोका चालवा (-आर म्हणजे आतल्या सगळ्यासकट, ओ=आर म्हणजे इतरांना फक्त वाचायची परवानगी). वाचायची परवानगी आहे, म्हणून नावांची यादी मिळते. एक्स (डिरेक्टरीत शिरायची परवानगी) नाही, म्हणून आतल्या नावाचं स्टॅट फसतं: 'कॅनॉट ॲक्सेस खोका/आत'. खोक्याला ००० दिलंत तर यादीच मिळत नाही: 'कॅनॉट रीड डिरेक्टरी खोका'. एरनो (सिस्टिमचा एरर क्रमांक) दोन्हीकडे ईॲक्सेस, म्हणजे 'परवानगी नाही', कोड दोन्हीकडे १. वापरणाऱ्याने नेमकं काय दुरुस्त करायचं ते फक्त मेसेज सांगतो. तोच तपासायचा नाही, तर मग काय तपासायचं?

प्रतिसाद २:
तुमचं हेच उदाहरण एलसी_ऑल=सी लावून चालवलं तर जुळणार नाही. सी लोकॅलमध्ये देवनागरी नाव जसंच्या तसं छापलं जात नाही. 'ख' तिथे \३४०\२४४\२२६ असा ऑक्टलमध्ये उमटतो. टेस्टमधली नावं रोमन अक्षरांतच ठेवा.

त्याहून मोठी अडचण रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरची. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं साधन) टेस्ट बहुधा रूट म्हणून चालते आणि रूटला ००० ची डिरेक्टरीही उघडी असते. एररच येत नाही. यूआयडी (युजरचा क्रमांक) ०, म्हणजे रूट, असेल तर एक्झिट कोड ७७ देऊन बाहेर पडा, ऑटोमेक (टेस्टही चालवणारं बिल्डचं साधन) त्याला 'स्किप' धरतं. रूटला अडवायला चॅट्र +आय (फाइल कुणालाच बदलता येऊ नये अशी खूण करणारी कमांड) वापरू म्हणाल, तर डॉकरच्या डिफॉल्ट कंटेनरमध्ये त्यासाठी लागणारी केपेबिलिटी (रूटच्या अधिकारांपैकी एक) नसते.

आणखी एक नेहमीची चूक: स्वतःच्या फाइलला ००० देऊन पुढचा सीएचमॉड फसेल असं धरणं. फसत नाही. सीएचमॉडला फाइलची मालकी लागते, फाइलवरची परवानगी नाही. एक्स लागतो तो वाटेतल्या डिरेक्टऱ्यांवर. आणि टेस्ट संपताना ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारा भाग) यू+आरडब्ल्यूएक्स, म्हणजे मालकाला सगळ्या परवानग्या, परत द्या, नाहीतर साफसफाई करणारा आरएम -आरएफ त्याच खोक्यापाशी अडेल.

प्रतिसाद १:
मग मधला मार्ग घ्या. ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) पाथ आणि 'पर्मिशन डिनाइड' एवढंच शोधा. वरच्या दोन प्रसंगांत पाथ वेगळे आहेत, म्हणजे फरक तसाही पकडला जातो. उद्या कुणी 'कॅनॉट' चं 'कुड नॉट' केलं म्हणून शंभर टेस्ट का पाडायच्या?

धागाकर्ता:
कारण ग्रेपला ती ओळ एकदा सापडली की तो खूश. तोच एरर दोनदा छापला गेला, किंवा खाली दुसरी एखादी भलती ओळ आली, तरी टेस्ट पास. सीएचमॉडला -एफ दिल्यावर मेसेज दाबला जातो पण कोड १ च राहतो. तिथे एरर फाइल रिकामी आहे हेच तपासावं लागतं. अपेक्षित मजकुराची फाइल ठेवा आणि सीएमपी (दोन फाइल ताडून बघणारी कमांड) लावा. शब्द बदलला तर ती एक फाइल बदलायची.