एजंट वाढले तरी दलाली तेवढीच
घरं दाखवणारे एजंट वाढले की स्पर्धा होऊन दलाली उतरेल, असं काहींना वाटतं. पुण्यात तरी तसं दिसत नाही. भाड्याच्या फ्लॅटला साधारण एक महिन्याचं भाडं, मग बाणेर असो की कोथरूड. स्पर्धा दरात होत नाही, फ्लॅट आधी कुणाच्या हाती लागतो त्यात होते. वाकडचा एकच टूबीएचके पाच जणांकडे पाच भाड्यांत दिसतो, फोटो मात्र तेच! मालकाने जाहिरात टाकली की फोन सुरू, आणि 'पार्टी तयार आहे' म्हणणारे बहुतेक एजंटच.

अमेरिकेतल्या शहरांबद्दल शिए आणि मोरेत्ती या अर्थतज्ज्ञांनी २००३ साली हेच दाखवलं होतं. जिथे घरं महाग तिथे एजंट जास्त, कमिशनचा टक्का जवळपास तोच, आणि प्रत्येक एजंटमागे व्यवहार कमी. म्हणजे जादा पैसा गिऱ्हाईक शोधण्यातच जिरतो.

महारेराने (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते बरंच झालं. पण रेराची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी. भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत, आणि नवखे शिरतात ते तिथूनच. (कोणता फ्लॅट रिकामा होणार हे वॉचमनला आधी कळतं, तोही मग अर्धा एजंट.)

मालकांनी एकाच एजंटला, मुदत घालून काम द्यावं. भाडेकरूंनी लीव्ह अँड लायसन्सच्या (भाडेकराराच्या) खर्चात सरकारी शुल्क किती आणि एजंटचे किती, हे टोकन देण्याआधी विचारावं.