भाचरांसाठी गेम कन्सोल घ्यायचा आहे, पण आजोबांनाही खेळता यायला हवं

शेवंती

नमस्कार मंडळी. सुट्टी लागतेय आणि ताईच्या मुलांना यंदा गेम कन्सोल भेट द्यायचं मनात आहे. भाचा १२ वर्षांचा, भाची ७ वर्षांची. ताई आणि भाऊजींना आधीच विचारलंय, त्यांची हरकत नाही.

भाच्याला प्लेस्टेशन हवाय. त्याच्या वर्गात तोच विषय चालतो. भाची मात्र "मी पण, मी पण" करत त्याच्या मागे असते आणि दर वेळी नुसती बघत बसते. टॅबवर एकाच्याच हातात खेळ राहतो, दुसरा रडवेला होतो. हे मला बदलायचंय.

आता खरी अडचण. आमचे बाबा ताईकडेच राहतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात चालत नाही. डावा हात चांगला आहे, डोकं तर आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. नातवंडांबरोबर पत्ते खेळणं हा त्यांचा जीव की प्राण होता. आता एका हातात पानं धरून त्याच हातानं टाकता येत नाहीत, आणि दुसऱ्या कुणी पानं धरलेली त्यांना आवडत नाहीत. मुलं खेळतात, बाबा खुर्चीत बसून बघतात.

तिघांना एकत्र खेळता येईल असा कन्सोल असतो का? टीव्ही साधा आहे, फोर-के नाही, पण एचडीएमआय आहे. मला यातलं फार कळत नाही, त्यामुळे सविस्तर सांगितलंत तर बरं होईल.

रात्रपाळी

पीएस५ घ्या. १२ वर्षांचा मुलगा वर्षभरात मोठा होतो, त्याला कार्टूनसारखे गेम पुरत नाहीत. 'स्पायडर-मॅन २'सारखा गेम इतर कन्सोलवर मिळणारच नाही. पीएस४ च्या बहुतेक डिस्क्सही पीएस५ वर चालतात, म्हणजे मित्रांकडून मागून आणता येतील. फक्त डिस्क ड्राइव्ह असलेलं मॉडेल बघून घ्या. स्लिम डिजिटल आणि प्रो या दोन्हींत तो नसतो, वेगळा घ्यावा लागतो. भाचीसाठी 'सॅकबॉय' आहे, एका टीव्हीवर चौघं खेळतात आणि लहान मुलांना चालण्यासारखा आहे. टीव्ही फोर-के नसला तरी काही बिघडत नाही.

बाबांच्या बाबतीत मला अनुभव नाही, जाणकार सांगतीलच.

डावखुरा

शेवंती, माझा उजवा हात जन्मापासून कमकुवत आहे. बोटं मिटतात, पण एकेक वेगळं हलत नाही. शाळेत असल्यापासून गेम खेळतोय, त्यामुळे कुठलाही कन्सोल बघताना माझी नजर आधी कंट्रोलरवर जाते. खोक्यावर छापलेले ग्राफिक्सचे आकडे सगळ्यांना सारखेच. हातात काय येणार, हे मात्र ज्याचं त्याला वेगळं. तुमच्या घरी तर तीन तऱ्हेचे हात आहेत.

पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचे कंट्रोलर दोन धडधाकट हात गृहीत धरून बनवलेत. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं, आणि तर्जन्या मागच्या ट्रिगरवर. बाबांना तो हातात दिलात तर पहिल्या मिनिटातच अर्धा कंट्रोलर त्यांच्यासाठी मेलेला असेल. ७ वर्षांच्या हातांनाही तो मोठाच पडतो.

निन्टेंडो कंपनीच्या स्विच या कन्सोलचे जॉय-कॉन (दोन्ही कडांचे छोटे कंट्रोलर) सुटे होतात. डावा एकाला, उजवा दुसऱ्याला, आणि प्रत्येक भाग स्वतंत्र कंट्रोलर म्हणून चालतो. मुठीत मावेल एवढाच असतो. माझं मत ठाम आहे: तुमच्या घरासाठी स्विच.

आता बाबा नेमकं काय खेळतील ते सांगतो, कारण "एकहाती खेळता येतं" एवढ्यानं तुमचं भागणार नाही.

'मारिओ कार्ट ८ डिलक्स' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. एका टीव्हीवर चौघं, पडदा चार भागांत वाटला जातो. गाडी निवडताना तीन सोयी सुरू करता येतात. पहिलीत गाडी आपोआप पुढे जाते, बटण दाबून धरावं लागत नाही. दुसरीत गाडी रस्त्याबाहेर जायला लागली की गेम तिला आत ओढतो. तिसरीत कंट्रोलर स्टीअरिंगसारखा तिरका करून वळता येतं. बाबांनी डाव्या हातात एक जॉय-कॉन आडवा धरायचा आणि मनगट वळवायचं, बास. समोरच्यावर कवच (गेममधलं अस्त्र) फेकायला तेवढं एक बटण. या सोयी ज्याच्या त्याच्या वेगळ्या ठेवता येतात, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाबांच्या आणि भाचीच्या गाडीला त्या लावा, भाच्याच्या गाडीला लावू नका. तो स्वतःच्या कौशल्यावर खेळेल आणि तरीही तिघं एकाच शर्यतीत असतील. अर्थात सोयीला किंमत आहे: गाडी आत ओढणारी सोय लावली की काही आडवाटांनी जाता येत नाही. त्यामुळे भाचा बऱ्याचदा पुढे राहील. बाबांना हे आधी सांगा. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून, कुणी मुद्दाम हरलेलं त्यांना खपणार नाही असं वाटतं.

दुसरा, 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स'मधलं बोलिंग. बटण धरायचं, हात मागे नेऊन पुढे आणायचा. बसूनही जमतं. पण मनगटाची पट्टी बांधल्याशिवाय खेळू देऊ नका, कंट्रोलर हातातून सुटून टीव्हीवर आदळतो. गेमच्या सेटिंगमध्ये डावा हात निवडायला विसरू नका.

तिसरा भाचरांसाठी, 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'. त्यात योशी नावाचं पात्र घेतलं की शत्रू धडकला तरी इजा होत नाही, आणि बाकीचे त्याच्या पाठीवर बसू शकतात. भाचीला योशी द्या. भाऊ तिच्या पाठीवर बसून पुढे जाईल, म्हणजे "तू मध्ये मध्ये येतेस" ही तक्रारच राहत नाही. माझ्या ओळखीच्या घरांत भावंडांची सगळ्यात जास्त जवळीक मी याच प्रकारच्या गेममध्ये पाहिली आहे, जिथे लहानाची मोठ्याला खरोखर गरज पडते.

कुठला स्विच घ्यायचा? स्विच लाइट अजिबात नको. दिसायला गोड, पण त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि तो टीव्हीला लागत नाही. तुमच्या घरी त्याचा उपयोग शून्य. पहिला स्विच मार्च २०१७ चा आहे, ओएलईडी मॉडेल २०२१ चं. स्विच २ जून २०२५ मध्ये आला. भाचा १२ वर्षांचा आहे, पुढची काही वर्षं नवे गेम हवेत, म्हणून मी स्विच २ म्हणेन. जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात, वर लिहिलेले तिन्ही चालतात. त्याच्याबरोबर आलेल्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्येही गाडी आपोआप चालण्याची आणि आत ओढण्याची सोय आहे.

आणि एक, खोक्यात जॉय-कॉनची एकच जोडी येते, म्हणजे दोनच खेळाडू. तिसऱ्यासाठी कंट्रोलर आत्ताच घ्या. नाहीतर भेट उघडल्या दिवशी पुन्हा कुणीतरी बघत बसणार.

रात्रपाळी

डावखुरा, पटलं. पण एक मुद्दा सोडू नका. मुलगा मित्रांबरोबर खेळणार का? त्याच्या वर्गातले सगळे पीएस५ वर असले आणि हा स्विचवर, तर तो एकटा पडेल. त्या वयात ते फार लागतं.

डावखुरा

बरोबर आहे, पण मित्रांकडे कुठला कन्सोल आहे यापेक्षा ते कुठला गेम खेळतात ते विचारा. 'माइनक्राफ्ट' आणि 'फोर्टनाइट' दोन्हींत स्विचवाला प्लेस्टेशनवाल्याबरोबर, एक्सबॉक्सवाल्याबरोबर, 'माइनक्राफ्ट'मध्ये तर फोनवाल्याबरोबरही खेळू शकतो. स्विचवर 'माइनक्राफ्ट' मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायला निन्टेंडोची सदस्यता लागते, 'फोर्टनाइट'ला लागत नाही. पण मित्र एखादा फक्त प्लेस्टेशनवरचाच गेम खेळत असतील तर रात्रपाळींचं म्हणणं खरं ठरेल.

उद्या भाच्याच्या हट्टापायी पीएस५ घ्यायचं ठरलंच, तर बाबांसाठी वाट बंद होत नाही, हेही सांगून ठेवतो. सोनीचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. गोल, टेबलावर सपाट ठेवायचा, एक स्टिक आणि भोवती बदलता येणारी बटणं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससाठीचा अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर त्याच्याही आधीचा, २०१८ चा. त्याला दोन मोठी बटणं आणि मागे बाहेरची बटणं जोडायला १९ खाचा आहेत, पायानं दाबायचं बटणसुद्धा लावता येतं. शिवाय दोन्ही कन्सोलवर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवायची सोय आहे: बाबांनी गाडी वळवायची, नातीनं बटणं दाबायची. मी स्वतः भावाबरोबर असे खूप गेम संपवलेत. भांडलोही तितकेच.

फक्त हे सगळं वेगळं विकत घ्यायचं, जोडायचं, बाबांच्या हाताला जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा बदलायचं. घरात ते करणारं माणूस हवं. स्विचचा कंट्रोलर खोक्यातून काढला की हातात देता येतो.

पाऊलवाट

दोन मुलांची आई आहे, कन्सोल घरात येऊन बरीच वर्षं झाली. मशीनबद्दल वर सगळं आलंय, मी भेट देण्याबद्दल लिहिते.

खोकं आधी उघडा. नवा कन्सोल लावल्याबरोबर अपडेट मागतो, मग गेम अपडेट मागतो, आणि इंटरनेट बेताचं असेल तर मुलं नुसत्या पट्टीकडे बघत बसतात. आदल्या रात्री सगळं उतरवून घ्या, कंट्रोलर चार्ज करा, मग पुन्हा खोक्यात घालून कागद लावा. मुलांना कळतही नाही.

खातं तुमच्या नावानं काढू नका. डिजिटल गेम खात्याला चिकटतात, मावशीच्या खात्यावर घेतलेले गेम पुढे त्रास देतात. तुमच्या ताईचं खातं, त्याखाली मुलांची, आणि जन्मतारीख खरी टाकायची. खातं लहान मुलाचं आहे की नाही, हे जन्मतारखेवरूनच ठरतं. निन्टेंडोचं पालकांसाठी फोनवर अ‍ॅप आहे, त्यात रोजची वेळ ठरवता येते आणि कोण काय किती खेळलं ते दिसतं. खरेदीवर बंधन पहिल्याच दिवशी घाला.

स्विच २ घेत असाल तर मेमरी कार्डाकडे लक्ष द्या. आतली जागा २५६ जीबी. गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, घरात पडलेलं जुनं कार्ड चालत नाही. शिवाय काही गेमच्या डबीतल्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते आणि अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डबीवर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावा. बटण दाबणं आणि पडद्यावर हलणं यातलं अंतर कमी होतं. बाबांना हाताचा अंदाज नव्यानं बसवायचाय, त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होईल.

आणि बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. झटक्यानंतर काहींना आकडी येते, आणि लखलखणाऱ्या चित्रांनी काही जणांना ती येऊ शकते म्हणून गेमवर इशारा छापलेला असतो. डॉक्टर नको म्हणतीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय सुरू करू नका.

शेवंती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ताईला पूर्ण धागा वाचून दाखवला. भाचा मित्रांबरोबर 'माइनक्राफ्ट' आणि 'फोर्टनाइट'च खेळतो, त्यामुळे त्याचाही प्रश्न सुटला. स्विच २ नक्की. बाबांच्या डॉक्टरांना ताई उद्या विचारणार आहे.

एक शंका. माझ्या मैत्रिणीकडे पहिला स्विच होता, तो बिघडला, पण त्याच्या जॉय-कॉनची जोडी चांगली आहे. ती देते म्हणाली. स्विच २ वर चालेल? म्हणजे तिसऱ्या कंट्रोलरचं काम होईल.

डावखुरा

चालेल, वायरलेस जोडली जाते. पण जुने जॉय-कॉन स्विच २ च्या कडेला बसत नाहीत, त्यामुळे तिथे चार्ज होत नाहीत. मैत्रिणीकडे चार्जिंग ग्रिप (जॉय-कॉन बसवून चार्ज करायची मूठ) असेल तर तीही मागून घ्या, नसेल तर वेगळी मिळते.

आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. स्टिक मोकळी सोडल्यावर पडद्यावरचं पात्र आपोआप सरकतंय का ते बघा. जुन्या जोड्यांत हे फार होतं, आणि बाबांना पहिल्याच दिवशी असा कंट्रोलर मिळाला तर त्यांना वाटेल आपलाच हात चुकतोय. म्हणून जुनी जोडी भाच्याला, नवा डावा जॉय-कॉन बाबांना. दुसरं, जुन्या जोडीच्या मनगटाच्या पट्ट्यांवर अधिक आणि वजा अशा खुणा असतात, कंट्रोलरवरही असतात. त्या जुळवूनच पट्टी सरकवा. उलटी बसली की अडकते आणि एका हातानं तर निघतच नाही.