मदत हवी आहे: साउथडेल मॉलचा १९५६ मधला छेद-नकाशा

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या ईडाइना उपनगरातल्या साउथडेल सेंटरच्या मधल्या चौकाचं १:२०० मापाचं मॉडेल करतोय. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएनने आखलेला हा मॉल ८ ऑक्टोबर १९५६ ला उघडला. पूर्ण बंदिस्त, आत हवामान नियंत्रित, दोन टोकांना डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही दोन मोठी स्टोअर्स. चौकात वरून उजेड, माशांचं तळं, पक्ष्यांचा २१ फुटी पिंजरा आणि शिल्पकार हॅरी बर्टोयाची सोनेरी झाडं. व्हिएन्नातून आलेल्या माणसाने उपनगराला गावचौक द्यायचा केलेला हा प्रयत्न मला मनापासून भावतो.

अडलंय ते छेदात, म्हणजे इमारत उभी कापून आतले मजले दाखवणाऱ्या रेखाचित्रात. दुकानं दोन मजल्यांवर आणि पार्किंगही दोन पातळ्यांवर, म्हणजे दोन्ही मजल्यांवर थेट गाडीतून उतरून जाता येत असणार. पण बाहेरच्या जमिनीचा उतार नेमका कुठे सुरू होतो, ते कळत नाही. जुने फोटो पुष्कळ पाहिले, सगळे आतल्या चौकाचे. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांत प्लॅन सापडला, छेद नाही. आजचे उपग्रह-नकाशे चालणार नाहीत, कारण नंतर बरीच बांधकामं बदलली. प्रत्यक्ष जाणं शक्य नाही. सबमिशनला तीन आठवडे आहेत.

ग्रुएनची कागदपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तिथून स्कॅन कुणी मागवलंय का? किंवा त्या काळच्या कोणत्या आर्किटेक्चर मासिकाच्या अंकात हा छेद मिळेल?