नय्यरांनी ‘किंमत वसूल केली’ म्हणणाऱ्यांसाठी

तिरकस
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलं, ‘आणीबाणीत आत गेलेल्या पत्रकार कुलदीप नय्यरांनी पुढे लंडनचं उच्चायुक्तपद आणि राज्यसभा घेऊन तुरुंगाची किंमत वसूल केली.’ डोकंच उठलं. अहो, जुलै १९७५मध्ये मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, अटक झाली. पत्नीने दिल्ली उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस लावला, म्हणजे बेकायदा अटकेतून सोडवण्याचा अर्ज. निकाल विरोधात जाणार याचा वास लागताच सरकारने त्यांना सोडून दिलं, म्हणजे अर्जच निरर्थक व्हावा. न्या. रंगराजन आणि न्या. अगरवाल यांनी तरीही निकाल दिलाच: अटक बेकायदा. मग रंगराजनांची बदली गुवाहाटीला, अगरवाल पुन्हा सत्र न्यायालयात. नय्यरांना लंडन मिळालं थेट १९९०ला, व्ही. पी. सिंगांकडून, आणि त्याच नोव्हेंबरात सरकार कोसळलं. कसली डोंबलाची वसुली?

शंकासुर
तुरुंगवास कोण नाकारतंय? त्याच्या आधीचं बघा. शास्त्रींचे माहिती अधिकारी, तिथून यूएनआय या वृत्तसंस्थेत. १९६४ला नेहरू गेले आणि लगेच नय्यरांची बातमी: मोरारजी पंतप्रधानपदाच्या रिंगणात. देश अजून सुतकात, त्यात मोरारजी उतावीळ दिसले. त्या बातमीचा शास्त्रींचे प्रतिस्पर्धी असलेल्या मोरारजींना फटका बसला हे नय्यरांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एक पाय बातमीत, एक दरबारात. सवय जुनी आहे.

तिरकस
बातमी खोटी होती असं मात्र तुम्हालाही म्हणता येईना. आभारी आहे.

कलमकसाई
दोघेही मुद्दा सोडून भांडताय. १९९७ला राज्यसभेवर नामनियुक्त झाले ते कलम ८०(३)खाली. त्यात चारच क्षेत्रं: वाङ्मय, शास्त्र, कला, समाजसेवा. पत्रकारिता कुठाय? संपादकाला ओढूनताणून कशात तरी बसवायचं. आक्षेप घ्यायचा तर तिथे घ्या.

पानसुपारी
अवांतर, पण राज्यसभेचा विषय निघालाच आहे तर: २००३ची दुरुस्ती आठवते का कुणाला? राज्यसभा उमेदवाराची त्या राज्यातली रहिवासाची अट गेली आणि गुप्त मतदानही गेलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? हेच नय्यर! स्वतःची मुदत त्याच साली संपलेली, मिळकत शून्य. २२ ऑगस्ट २००६ला पाच न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली.

शंकासुर
फेटाळली ते बरंच झालं. गुप्त मतदानात आमदारांचा बाजार भरायचा.

पानसुपारी
आणि आता भरत नाही? आमदाराने मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी फक्त आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवायची. नाही दाखवली तर मत बाद, भलत्याला दाखवली तरी बाद. अपक्षाने कुणालाच दाखवायची नाही. आता गुजरात, ऑगस्ट २०१७. जागा ३, मतं १७६. प्रत्येक मताचं मूल्य १००, म्हणून १७,६०० भागिले ४ (जागांपेक्षा एक जास्त), अधिक १, म्हणजे ४,४०१. थोडक्यात ४५ मतं हवीत. काँग्रेसच्या दोन बंडखोरांनी मतपत्रिका भलत्याला दाखवल्या, आयोगाने मध्यरात्रीच्या सुमारास ती मतं बाद केली. उरली १७४, कोटा ४,३५१, म्हणजे ४४. काँग्रेसच्या अहमद पटेलांना मिळाली बरोबर ४४!

शंकासुर
मग उघड मतदानामुळेच फुटीर सापडले ना? स्वतःच्याच तोफेत पाणी ओतताय.

कलमकसाई
सापडून काय उपयोग? त्याच २००६च्या निकालात म्हटलंय की राज्यसभेच्या मतदानात पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) आमदारकी जात नाही. पक्षाने फार तर हाकलावं, आमदार आमदारच राहतो. चोर दिसावा म्हणून दिवा लावला, कडी मात्र लावलीच नाही.

शंकासुर
दिवा विझवला की चोरी थांबते, हे नवीनच ऐकतोय. राहता राहिला रहिवास. आसामचे मतदार म्हणून मनमोहन सिंग १९९१पासून निवडून येत होते, म्हणजे ती अट तेव्हाही कागदावरच होती. तिच्यासाठी नय्यर कशाला रडले?

पानसुपारी
कागदावरची अट मोडताना निदान खोटा पत्ता तरी द्यावा लागायचा. आता तेवढीही लाज उरली नाही.

तिरकस
माझा धागा कुठून कुठे नेलात! मूळ प्रश्न वसुलीचा होता.

शंकासुर
बरं बाबा, ‘वसुली’ माझा शब्द नव्हता, तरी मागे घेतो. मोरारजींची बातमी मात्र घेणार नाही. आणि कलमकसाई, संपादक वाङ्मयात बसत नाही म्हणता, तर मग निम्मे अग्रलेख कशात बसवायचे?

कलमकसाई
कलेत. ओढून.